खेळाडू मुलाचा खर्च: सोलापूरच्या पालकांसाठी हिशेब

मुलगा शर्यतीत पहिला आला की घरात आधी बुटांचा विषय निघतो. पण बूट ही या सगळ्यातली स्वस्तातली गोष्ट. सोलापुरातली गुणी पोरं अडतात ती बहुतेक वेळा पुण्याच्या फेऱ्यांच्या खर्चावर, नाहीतर जन्मतारखेच्या कागदावर, नाहीतर दहावीच्या वर्षात. पैसा कमी असेल, आणि बहुतेक घरांत तो कमीच असतो, तर कशावर आधी आणि कशावर नंतर खर्च करायचा एवढं ठरवलं तरी दोन-तीन वर्षं निभावतात. खाली दिलेले भाव साधारण आहेत, दुकानागणिक थोडे वर-खाली होतील.

पहिल्या वर्षी काय घ्यायचं

बारा-तेरा वर्षांपर्यंत मुलाला महागड्या खेळात बांधून टाकू नका. पळणं, उडी, फेक, खो-खो, कबड्डी यांत शरीर तयार होतं आणि खिशालाही झळ बसत नाही. माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे आधी मैदानी खेळांत होती, भाला फेकायची. क्रिकेटकडे ती नंतर वळली आणि २०२२ मध्ये भारताच्या टी-ट्वेंटी संघात खेळली. आधीची मेहनत वाया जात नाही, ती पुढच्या खेळात कामाला येते.

धावणाऱ्या मुलाला पहिल्या वर्षी फक्त एक चांगला रनिंग बूट लागतो, १,२०० ते २,५०० रुपयांचा. मुरमाच्या मैदानावर रोज पळणाऱ्याचा तळ सहा-आठ महिन्यांत घासतो, म्हणून वर्षाला दोन जोड धरा. अंगठ्यापुढे बोटभर जागा असावी, त्याहून जास्त नको. ‘पाय वाढतोय, दोन नंबर मोठा घेऊ’ हा हिशेब अंगाशी येतो. पाय आत सरकतो, फोड येतात, नडगी दुखू लागते आणि महिनाभर सराव बुडतो.

स्पाइक्स दुसऱ्या वर्षी घ्या, तेही १,५०० ते ३,००० रुपयांचे. सिंथेटिक ट्रॅकवर खिळा ९ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, उंच उडी आणि भालाफेकीला १२ मिलिमीटरपर्यंत मुभा असते. लांब खिळे लावून पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात गेलेल्या मुलाला कॉलरूममध्येच, म्हणजे शर्यतीआधी हजेरी आणि साहित्य तपासतात तिथेच, अडवतात, तेव्हा ९ चा संच आणि पाना पिशवीत राहू द्या. सराव मातीवर असेल तर आठवड्यातून एकदा खिळे काढून आटे ब्रशने साफ करा. तांबडी माती आत घट्ट बसली की खिळा निघत नाही, आणि ओढाताणीत आटाच जातो. स्पाइक्स घालून सिमेंटवर चालू नये हे मुलांना दहा वेळा सांगावं लागतं.

खो-खो आणि कबड्डीला बूट, नी-कॅप आणि शाळेची जर्सी पुरते. कुस्तीत साहित्य स्वस्त, बूट आणि कॉश्च्यूम मिळून चार-पाच हजार, पण खुराक महाग. तालीम निवडताना मॅट आहे का ते आधी विचारा. शालेय आणि ऑलिंपिक पद्धतीची कुस्ती मॅटवर होते. नुसत्या तांबड्या मातीत घडलेला मल्ल मॅटवर गुणांच्या खेळात मागे पडतो, कारण तिथे ढाक लावून चीतपट करण्याआधीच चार-सहा मिनिटांत सामना गुणांवर हातातून जातो.

क्रिकेट सगळ्यात खर्चिक. सोलापूरचा अर्शिन कुलकर्णी २०२४ चा १९ वर्षांखालील विश्वचषक खेळला, तेव्हापासून नेटवरची गर्दी वाढली आहे आणि पूर्ण किट घेण्याची घाईही. क्रम असा ठेवा: हेल्मेट, ॲब्डॉमिनल गार्ड आणि ग्लोव्ह्ज स्वतःचे. पॅड आणि थायपॅड पहिल्या वर्षी क्लबचे वापरता येतात. बॅट मुलाच्या उंचीवर घ्या. पाच फुटांच्या मुलाला साधारण ६ नंबर, सव्वापाच फुटांच्या पुढे हॅरो, म्हणजे फुल साइजहून थोडी लहान. मोठ्या भावाची फुल साइज बॅट दिली की मनगट आणि खांदा दोन्ही बिघडतात, आणि लागलेली सवय मोडायला वर्ष जातं. काश्मीर विलोची बॅट दोन ते चार हजारांत येते आणि चौदा वर्षांखालच्या बहुतेकांना पुरते. इंग्लिश विलो आठ-दहा हजारांपासून पुढे. ती घेतलीच तर जवसाच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या आणि लाकडी हातोडीने चार ते सहा तास ठोकून घ्या. हे न करता लेदर बॉल खेळलं तर कड फुटते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅट गाडीच्या डिकीत ठेवू नये, लाकूड कोरडं पडून तडकतं.

नेमबाजी आणि तिरंदाजी आवडली तर लगेच कर्ज काढू नका. तिरंदाजीत लाकडी धनुष्याचा इंडियन राउंड असतो, तो काही हजारांत सुरू होतो. रिकर्व्ह किंवा कंपाउंड धनुष्य, स्पर्धेची एअर रायफल, हे सगळं लाखाच्या घरातलं. क्लबच्या साहित्यावर वर्षभर सराव होऊन जिल्ह्यात नाव लागेपर्यंत त्याकडे बघू नका.

खुराकाचा खरा आकडा

वर्षाचा सगळ्यात मोठा खर्च इथे असतो आणि तोच कोणी लिहून ठेवत नाही. रोजच्या जेवणावर दोन अंडी, अर्धा लिटर दूध, मूठभर म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे आणि दोन केळी धरली तर दिवसाला साठ रुपयांच्या आसपास, महिन्याला १,८०० ते १,९००, वर्षाला बावीस हजार. यातून ४० ग्रॅम प्रथिनं मिळतात. उरलेली भाकरी, डाळ, मटकी, दही यांतून सहज निघतात. ४५ किलोच्या सराव करणाऱ्या मुलाला दिवसाला साधारण ५५ ते ६५ ग्रॅम पुरतात. तीन हजारांचा प्रोटीनचा डबा याहून वेगळं काही देत नाही. उलट त्यात काय मिसळलंय याची खात्री नसते, आणि डोपिंग चाचणीत दोषी ठरण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते, वय सोळा असलं तरी. ज्वारीची भाकरी आणि शेंगाचटणी घरात असताना डब्याच्या मागे लागण्याचं कारण नाही. हात फारच आखडता असेल तर केळी सोडा, दूध निम्मं करा, अंडी आणि शेंगदाणे मात्र सोडू नका.

मार्च ते मे सराव सकाळी साडेपाच ते साडेसात. पारा चाळिशीपुढे असताना दुपारी चारला मैदानावर पोरांना पळवणारा प्रशिक्षक टाळा, तो कितीही नावाजलेला असो. सरावाला नेण्यासाठी एक लिटर पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ अंदाजाने टाकू नका, जास्त झालं तर उलटा त्रास होतो.

मुलगी असेल तर वर्षातून दोनदा हिमोग्लोबिन तपासा. बारापेक्षा कमी असेल तर कितीही सराव करा, वेळ सुधारत नाही. प्रशिक्षक म्हणतात ‘आळस करते’, आणि कमी पडलेलं असतं लोह. सरकारी आणि अनुदानित शाळांत आठवड्याला एक निळी लोहगोळी मोफत मिळते. ती दप्तरात राहते का पोटात जाते, एवढं घरच्यांनी बघावं. पाळी लागोपाठ तीन महिने चुकली तर ते जास्त सरावाचं आणि कमी खाण्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा.

फाइल

पैशाआधी कागद. एक जाड फाइल करा आणि तिसरी-चौथीतच सुरू करा. जन्मदाखला, आधार, शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, बोनाफाइड, अधिवास दाखला, तहसीलचा उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, मुलाच्या नावाचं बँक पासबुक, आठ-दहा फोटो.

आपल्या गावात हमखास चुकतं ते नावाचं स्पेलिंग. घरात तेलुगू किंवा कन्नड, शाळेत मराठी, आधारवर इंग्रजी. आडनावात एका ठिकाणी एक अक्षर जास्त, दुसऱ्या ठिकाणी वडिलांचं नाव आधी. तालुक्याला चालून जातं, राज्य पातळीवर ऑनलाइन नोंदणी होते तेव्हा आधारशी जुळत नाही म्हणून नाव बाद. जन्मदाखला पाया धरून बाकीचे कागद त्याच्याशी जुळवा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा ती संधी नीट वापरा. पंधरा वर्षं झाली की बोटांचे ठसे आणि डोळ्यांची नोंद पुन्हा करावी लागते, तीही विसरू नका. शाळेच्या रजिस्टरमधली दुरुस्ती दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरण्याआधी उरकावी, नंतर ती फार जड जाते.

वय कमी दाखवण्याचा सल्ला देणारे मैदानावर भेटतील. ऐकू नका. क्रिकेटमध्ये १६ वर्षांखालील गटात हाडाचा एक्स-रे काढून वय तपासतात, इतर खेळांतही वैद्यकीय तपासणी होते, आणि बंदी आली की कोवळी वर्षंच जातात. जन्मानंतर बऱ्याच वर्षांनी नोंदवलेल्या दाखल्याकडेही संशयाने पाहिलं जातं. तसा असेल तर रुग्णालयाचा जन्माचा कागद किंवा अंगणवाडीची नोंद जोडीला ठेवा.

स्पर्धेच्या दोन शिड्या

पहिली शिडी शालेय. गट १४, १७ आणि १९ वर्षांखालील. ग्रामीण भागातल्या मुलांना तालुका, मग जिल्हा. शहरातल्या मुलांना महानगरपालिका पातळी. पुढे पुणे विभाग, राज्य आणि राष्ट्रीय. इथे मूल स्वतः नाव घालू शकत नाही, शाळेने ऑनलाइन नोंदणी करावी लागते. खेळाचे शिक्षक नसलेल्या शाळांत ही नोंदणीच राहून जाते. जूनमध्ये शाळा उघडल्या उघडल्या मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाने त्या वर्षीचं परिपत्रक काढलं की अंतिम तारीख बघून पुन्हा आठवण करा. तोंडी सांगितलेलं ऑगस्टपर्यंत कोणाच्या लक्षात राहत नाही. वयाची मर्यादा वर्षाअखेरीच्या वयावर धरतात, त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलाला गटात सगळ्यात जास्त फायदा आणि डिसेंबरवाल्याला सगळ्यात कमी. डिसेंबरवालं मूल बाराव्या वर्षी मागे असेल तर ते कमी प्रतीचं आहे असं समजू नका, दोन वर्षं थांबून पाहा.

दुसरी शिडी राज्य संघटनांची. जिल्हा संघटना निवड चाचणी घेते आणि जिल्ह्याचा संघ राज्याला पाठवते. सांघिक खेळातल्या मुलांना ही शिडी जास्त महत्त्वाची. शालेय स्पर्धेत अख्खा शाळेचा संघ जिंकावा लागतो. एक खो-खोपटू कमकुवत संघात असेल तर तो पहिल्या फेरीतच घरी येतो. जिल्हा चाचणीत मात्र त्याच्याकडे एकट्याकडे बघितलं जातं. या चाचण्यांची बातमी संचार, लोकमत, सकाळ, पुढारीच्या क्रीडा पानावर चार ओळींत येते, तीही ऐनवेळी. पार्क मैदान, नेहरूनगरचं मैदान किंवा कुमठे इथल्या जिल्हा क्रीडा संकुलात सराव घेणाऱ्या एखाद्या प्रशिक्षकाच्या व्हॉट्सॲप गटात नाव असलं तर वेळेवर कळतं.

तिसरी एक वाट दिसते, तिच्यापासून सांभाळा. ‘ओपन नॅशनल’, ‘इंटरनॅशनल चॅम्पियनशिप, नेपाळ’, प्रवेश फी पाच हजार, नाहीतर पॅकेज पंचवीस हजार. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. जिल्हा निवड चाचणी होत नाही, पैसे भरले की निवड होते, जवळजवळ सगळ्यांना पदक मिळतं, आणि संघटनेचं नाव एखाद्या खऱ्या महासंघाच्या नावाला फसवं जुळणारं असतं. सोलापुरात कर्ज काढून पोराला अशा स्पर्धेला पाठवणारी घरं आहेत. त्या प्रमाणपत्राला ना दहावीचे गुण मिळतात, ना नोकरी. शासकीय नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयात होते, आणि ट्रॅम्पोलिन या खेळाच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण गाजल्यापासून ती कसून होते. पैसे भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात एकच प्रश्न विचारा: ही संघटना आणि ही स्पर्धा मान्यताप्राप्त यादीत आहे का? नसेल तर त्या पैशांत वर्षाचा खुराक येतो.

पुण्याची फेरी

विभाग आणि राज्य पातळीला बऱ्याचदा पुणं गाठावं लागतं. अंतर अडीचशे किलोमीटर. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी साडेसहाच्या सुमारास सुटते आणि दहा-साडेदहाला पुण्यात पोचवते. स्पर्धेची हजेरी आठला असते. म्हणून आदल्या दिवशीच निघावं लागतं आणि मुक्काम येतो. बालेवाडी पुणे स्टेशनपासून आणखी पंधरा-सोळा किलोमीटर लांब, हे विसरून सकाळी सातला शिवाजीनगरात रिक्षा शोधणारे पालक दरवर्षी दिसतात. जेवण, मुक्काम, शहरातली बस धरून दोन माणसांच्या दोन दिवसांना अडीच ते चार हजार लागतात. वर्षाला चार फेऱ्या धरा.

मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना निम्मं तिकीट आहे, म्हणजे मुलगी आणि आई दोघी मिळून एका तिकिटात जातात. मुलांना बारा वर्षांपर्यंत अर्धं. रेल्वेची खेळाडू सवलत मार्च २०२० मध्ये थांबली, ती धरून बजेट करू नका. पाच ते अकरा वर्षांच्या मुलाला रेल्वेत स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडं पडतं, हेही लक्षात असू द्या.

तीन-चार घरांनी मिळून एक पालक पाठवला तर खर्च साधारण एक तृतीयांशाने कमी होतो. मुलींच्या संघासोबत महिला व्यवस्थापक किंवा एक आई असलीच पाहिजे, हे शाळेकडून लेखी घ्या. मुक्काम कुठे आणि परत कधी, तेही त्याच कागदावर. प्रवासात बाहेरचं तेलकट खाऊन स्पर्धेच्या सकाळी पोट बिघडण्याचे प्रकार फार होतात. कडक भाकरी, चटणी आणि केळी सोबत घ्या, आणि स्पर्धेच्या आधी तीन तास काही नवं खाऊ नका.

जिथे फी लागत नाही

राज्य शासनाची क्रीडा प्रबोधिनी निवासी आहे. पुणे, कोल्हापूर, नाशिक अशा केंद्रांवर राहणं, जेवण, शिक्षण आणि प्रशिक्षण शासन देतं. ८ ते १४ वयोगटासाठी नऊ चाचण्या असतात: उंची, वजन, ३० मीटर धावणे, जागेवरून लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेक, ६ × १० मीटर शटल रन, लवचिकता आणि ८०० मीटर. मुलं गुण घालवतात ते ताकदीअभावी नव्हे, तर पद्धत माहीत नसल्याने. लांब उडी मागच्या टाचेपासून मोजतात, मागे हात टेकला की वीतभर कमी. शटल रनमध्ये वळताना उभं राहून वळणाऱ्याचे प्रत्येक फेरीला काही दशांश सेकंद जातात, खाली वाकून वळायला शिकवा. ८०० मीटर पहिल्या दोनशेतच उधळून टाकणारे शेवटी चालतात. आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा या चाचण्यांचा सराव पुरेसा आहे. वय जास्त असेल तर खेळनिहाय कौशल्य चाचणीतूनही प्रवेश मिळतो.

सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपनीत साधारण ८ ते १४ वयाच्या मुलांना घेतात. पुण्यात आणि बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीत अशा कंपन्या आहेत. बेळगावला कुस्ती आणि मैदानी खेळ. सगळं मोफत, पण साडेसतरा वर्षांचं झाल्यावर पात्र मुलाने सैन्यात भरती होण्याची अट असते. ती आधी घरात सगळ्यांनी मान्य करावी. अंगावर टॅटू नको, यात्रेत हौसेने गोंदवून घेतलेली पोरं इथे अडकतात.

खेलो इंडियाची शिष्यवृत्ती वर्षाला ६.२८ लाखांची म्हणून सांगतात. त्यातले हातात येतात १.२० लाख, म्हणजे महिना दहा हजार. बाकी प्रशिक्षण, आहार, निवास यांवर अकादमीमार्फत खर्च होतात. ती राष्ट्रीय पातळीवर चमकल्यावरची गोष्ट, तिच्या भरवशावर आज कर्ज नको.

आई विड्या वळत असेल तर बिडी कामगारांच्या मुलांची केंद्र सरकारची शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर भरा. शाळकरी मुलांना वर्षाला एक ते तीन हजार मिळतात. ती शिक्षणासाठी आहे, पण वह्यापुस्तकांचे पैसे सुटले की बुटांना उरतात.

देणगी मागायची तर रोख मागू नका. एक पानाचा अर्ज करा: मुलाचं नाव, खेळ, मान्यताप्राप्त स्पर्धेतला निकाल किंवा नोंदलेली वेळ, पुढची स्पर्धा कोणती, आणि नेमकं काय हवं. ‘मदत व्हावी’ असं लिहिलं तर अर्ज टेबलावर पडून राहतो, ‘स्पाइक्स एक जोड, २,४०० रुपये, दुकानाचं कोटेशन सोबत’ असं लिहिलं तर चादर कारखानदार थेट दुकानात पैसे भरतो. स्पर्धा झाल्यावर निकाल नेऊन दाखवा, हरला असला तरी. दुसऱ्या वर्षी दार उघडं राहतं.

दुखापत आणि दहावी

गुडघ्याखाली किंवा टाचेला हाताने दाबून दुखतं, सूज आहे, दोन आठवड्यांत कमी होत नाही, अशी दुखणी वाढीच्या वयात हाडाच्या वाढणाऱ्या टोकाशी असतात. मालिश करणाऱ्याकडे न नेता सिव्हिलच्या अस्थिरोग विभागात दाखवा. तिथे केसपेपरच्या खर्चात तपासणी होते, आणि फिजिओथेरपीचे व्यायाम शिकून घेतले तर घरी करता येतात.

दहावीत खेळ पूर्ण बंद करू नका. शालेय स्पर्धा साधारण ऑगस्ट ते डिसेंबर, बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. टक्कर होते ती जानेवारीच्या सराव परीक्षेच्या तयारीशी. डिसेंबरपर्यंत स्पर्धा खेळून मग आठवड्याला तीन दिवस पाऊण तास एवढ्यावर आणलं तर अंग टिकतं. दहा महिने बंद ठेवलं तर पूर्वीच्या वेळेवर यायलाच तीन-चार महिने जातात, आणि बहुतेकांचं १७ वर्षांखालच्या गटातलं एक चांगलं वर्ष हातचं जातं. शिवाय मान्यताप्राप्त स्पर्धेतल्या कामगिरीला बोर्डात जास्तीत जास्त २५ सवलतीचे गुण मिळतात. त्यासाठी मूळ प्रमाणपत्र, शाळेमार्फत भरलेला प्रस्ताव आणि जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाची शिफारस लागते. प्रस्तावाची मुदत परीक्षेच्या गडबडीत निघून जाते, म्हणून प्रमाणपत्र हाती आलं त्याच आठवड्यात त्याच्या दोन रंगीत प्रती काढून एक शाळेत जमा करा आणि पोच घ्या.